विचारा सिस्टरांना: मुहूर्त, लाल गोळ्या आणि जुने टाके

सातारा जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयातून बाळंतपण कक्षाची इन्चार्ज सिस्टर म्हणून मी निवृत्त झाले. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रं लांब होती, ती थोडक्यात केली. नावं गाळली, गावं तेवढी ठेवली.

वाईहून एक पहिलटकरीण लिहिते: सिस्टर, मला ३७ आठवडे पूर्ण झालेत. सोनोग्राफीत बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा दिसला. बीपी, शुगर ठीक आहे, बाळ डोक्याकडून खाली आहे. पण रिपोर्ट वाचल्यापासून घरात सगळे घाबरलेत. सासूबाईंनी गुरुजींकडून येत्या गुरुवारचा मुहूर्त काढून आणलाय. ‘नाहीतरी सिझरच होणार, मग चांगल्या वेळेवर होऊ दे’ म्हणतात. डॉक्टरही ‘तुमची इच्छा असेल तर करू’ म्हणाले. मला मात्र कळा येऊन बाळंत व्हायचंय. मी हट्ट करतेय का?

हट्ट नाही गं. तुझं म्हणणं योग्य आहे, फक्त ते चारचौघांत नीट मांडता आलं पाहिजे.

आधी नाळेचं बघू. ‘गळ्याला फास’ असं घरात कुणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाक. बाळ पोटात नाकातोंडानं श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो नाळेतल्या रक्तातून, त्यामुळे मानेभोवती वेढा आहे म्हणून त्याचा श्वास कोंडत नाही. त्रास होतो तो नाळ दाबली गेली तर. पण नाळेतल्या तीन रक्तवाहिन्यांभोवती जाड, बुळबुळीत थर असतो, तो तिला सहजासहजी दबू देत नाही. चार-पाच बाळांमागे एखादं तरी असा वेढा घेऊनच जन्माला येतं. डोकं बाहेर आलं की आम्ही लगेच एक बोट बाळाच्या मानेभोवती फिरवतो. वेढा लागला आणि सैल असला तर हलकेच डोक्यावरून सोडवून घ्यायचा. फारच घट्ट असला तर दोन चिमटे लावून मधे कापायचा. आईला बहुतेक वेळा हे कळतही नाही, तिचं सगळं लक्ष पुढच्या कळेकडे असतं.

कळांमध्ये बाळाचे ठोके घसरायला लागले तर गोष्ट वेगळी. त्यासाठीच तर कळा चांगल्या धरल्या की पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासानं आणि शेवटी जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात. ठोके बिघडले तर सिझर, आणि मग क्षणाचाही उशीर नको. नुसता वेढा दिसला म्हणून आधीच पोट उघडायचं कारण नाही.

आता गुरुवार. सासूबाईंच्या मनात नातवंडाचं भलंच आहे, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या दिवशी तुला जेमतेम ३८ आठवडे होतील. वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून करायचं सिझर ३९ आठवड्यांच्या आत करू नये, हे डॉक्टरांनाही शिकवलेलं असतं. पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असतं. ते शेवटच्या दिवसांत आणि विशेषतः कळांच्या वेळी ओसरतं. कळा न येताच लवकर काढलेल्या बाळाला धाप लागण्याची शक्यता जास्त. नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला छाती आत ओढली जाते, बाळ कण्हतं. मग ते काचेच्या पेटीत आणि आई वॉर्डात. मुहूर्तावर जन्मलेली अशी बाळं मी माझ्या हातांनी पेटीत ठेवलेली आहेत. बरीचशी दोन-तीन दिवसांत सावरतात, पण जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी लागून चिकाचं दूध पिण्याची वेळ निघून गेलेली असते. शिवाय तुझ्या पोटावर छेद येतो, रक्त जास्त जातं, आणि पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यांवर चिकटून बसण्याची भीती राहते. ती गुंतागुंत मी जवळून पाहिली आहे, म्हणून विनाकारण सिझर म्हटलं की माझा जीव तुटतो.

सिझर वाईट, असं कुणी यातून काढू नका. वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ बाळाच्या आधी खाली घसरली असेल, तासन्‌तास कळा येऊनही डोकं पुढे सरकत नसेल, तर सिझरनंच माय-लेकरं वाचतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात आणि सरकारीत १४. अवघड बाया तर उलट मोठ्या सरकारी रुग्णालयांकडेच पाठवल्या जातात. मग एवढा फरक बायकांच्या शरीरामुळे पडतो असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तू असं कर. नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सगळ्यांसमोर विचार: ‘आज माझ्या किंवा बाळाच्या तब्येतीत सिझर करावंच लागेल असं काही आहे का? थांबले तर कशाचा धोका वाढतो? तो वाढला हे कसं कळेल?’ उत्तर केसपेपरवर लिहून माग. ‘तुमची इच्छा असेल तर’ असं म्हणणारे डॉक्टरही हा प्रश्न आला की थांबून विचार करतात, असा माझा अनुभव आहे. नुसती तारीख उलटली म्हणूनही घाबरू नकोस. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं विसातलं एखादं. सगळं ठीक असेल तर साधारण ४१ आठवड्यांपर्यंत तपासण्या करत थांबतात. तोवर बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेव. कमी वाटल्या तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पड. दोन तासांत दहा हालचाली लागल्या नाहीत तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात जा.

सासूबाईंना माझा निरोप सांग, बारशाचा मुहूर्त त्यांनी हवा तेवढा चांगला काढावा.

फलटणहून एक सासूबाई लिहितात: आमचं घर माळकरी. सुनेला पाचवा महिना आहे, हिमोग्लोबिन ९.२ आहे. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या, पण त्यांनी शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही. शेजारच्या म्हणतात या गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि अडतं, शिवाय काळं होतं. सुनेनं गोळ्या बंद केल्यात. अंडं-मटण आमच्यात चालत नाही. काय द्यावं?

ताई, तुम्ही सुनेसाठी पत्र लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. स्वयंपाकघर तुमच्या हातात आहे, म्हणून हे उत्तर तुमच्यासाठीच.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. ९.२ ला हातपाय गाळायची गरज नाही, पण दुर्लक्षही नको. साध्या, सरळ बाळंतपणातही बऱ्यापैकी रक्त जातंच. अंगात रक्त भरपूर असलेली बाई ते सोसते. सात-आठवर असलेली बाई तेवढ्याच रक्तस्रावानं पांढरीफटक पडते, आणि मग रक्ताच्या पिशवीसाठी घरच्यांची रात्री धावाधाव. अजून चार महिने हातात आहेत, तेवढ्यात हे भरून निघतं.

त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त चांगलं असलेल्या बाईलाही ती गरोदरपणात १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस देतात. तुमच्या सुनेसारखं ७ ते ११ च्या मधलं असेल तर रोज दोन, पण हे तुमच्या डॉक्टरांकडून किंवा उपकेंद्राच्या सिस्टरकडून नक्की करून घ्या. शौचाचा काळा रंग म्हणजे न शोषलं गेलेलं लोह बाहेर पडतंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीकडून नाही. आणि बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं ते बहुतेक वेळा आईच्या वाढलेल्या साखरेनं. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. ती तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत झाली पाहिजे, तिच्या कार्डावर बघून घ्या. आपल्याकडे काळजी मोठ्या बाळाची कमी आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाची जास्त करायला हवी.

गोळी कशी घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. मी वॉर्डात बायकांच्या उशाखाली गोळ्यांच्या पट्ट्या उचलून बघायची. पट्टी भरलेली दिसली की समजायचं, घेतल्यावर मळमळतंय आणि बाई सांगायला लाजतेय. उपाशीपोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं द्या, ग्लासभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्याबरोबर. लिंबानं, आवळ्यानं लोह अंगी लागतं. चहानं ते वाया जातं, म्हणून गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर कधीच नको, दोन तासांचं अंतर ठेवा. पोट साफ होण्यासाठी पाणी, पालेभाजी, दुपारी ताक. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासा. एक ग्रॅमही वाढलं नसेल तर गोळी पोटात जातेय का आणि दुसरं काही कारण आहे का हे डॉक्टरांनी बघायला हवं. गरज पडली तर शिरेतूनही लोह देता येतं.

खाण्याबद्दल तर मला तुम्हाला पुण्याजवळच्या गावांचीच गोष्ट सांगायची आहे. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार लिहून काढला आणि पुढे त्यांच्या मुलांचीही वर्षानुवर्षं तपासणी केली. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजी खाणाऱ्या बायका. त्यात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जन्मतः जास्त भरलेली होती. यातलं काहीच महाग नाही, परसातली मेथी, राजगिरा, शेपू, पेरू. दुसरी गोष्ट तुमच्या घराला जास्त लागू आहे. त्या बायकांतल्या दोन तृतीयांश बायकांना बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व पालेभाजीत नसतं. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक यांतूनच मिळतं. म्हणून सुनेच्या वाट्याचं दूध आधी बाजूला काढा, मग चहाला वापरा. बी-१२ ची तपासणी किंवा गोळी हवी का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा.

दोन जिवांचं खायचं म्हणजे दुप्पट नाही. रोजच्या जेवणापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक भाकरी, वाटीभर मोडाची मटकी आणि कपभर दूध. बाजरी, नाचणी, चवळी, शेंगदाणे, तीळ घरात असतातच. एकादशी मोडायला मी तुम्हाला सांगणार नाही, पण त्या दिवशी साबुदाण्यावर भागवू नका. त्यात पिठाशिवाय फारसं काही नसतं. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दूध, केळं द्या. आणि कृपा करून सुनेला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवू नका. भाजी तळाशी जाते ती तिच्याच ताटात.

संगमेश्वरहून, सातवा महिना: ग्रहणात अंधाऱ्या खोलीत, उपाशी, हालचाल न करता पडून राहायला सांगतात. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो म्हणे.

बाळाचा ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. तुझ्या बाळाचे ते कधीच तयार झालेत, आता कुठलंही ग्रहण ते फाडू शकत नाही. घरच्यांचं मन राखायला सुरी-कात्री हातात घेऊ नकोस, खोलीत बस, काही बिघडत नाही. पण पाणी पी, भूक लागली की खा आणि लघवी अजिबात अडवून ठेवू नकोस. गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि त्यातून अवेळी कळा सुरू होऊ शकतात. शुगर असून इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं तर मुळीच उपाशी राहू नये. आणि सूर्यग्रहण असेल तर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कुणीच बघायचं नाही, गरोदर असो वा नसो.

चाकणच्या कारखान्यात काम करणारे एक होणारे वडील: बायको आठव्या महिन्यात करमाळ्याकडे माहेरी जाणार आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात नाव घालायचंय. मला बाळंतपणाच्या वेळी तिच्याजवळ थांबायचंय, पण ‘जेन्ट्स अलाउड नाही’ म्हणतात. मी काय करू शकतो?

दादा, तुमच्यासारखी पत्रं आता यायला लागलीत, बरं वाटतं.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीला माणूस ठेवायला मंजुरी दिली. शक्यतो स्वतः बाळंत झालेली नात्यातली बाई, आणि बाकीच्या बायकांचा आडपडदा राखता येत असेल तिथे नवराही. एका खोलीत तीन-चार टेबलं असतील तर तुम्हाला आत घेणार नाहीत, आणि त्या इतर बायकांचा विचार केला तर ते बरोबरच आहे. तेव्हा आता वाद घालण्यापेक्षा सासूबाई किंवा मावशी यांच्यापैकी कोण थांबणार ते ठरवा, आणि नाव घालतानाच सिस्टरशी बोलून ठेवा. जी थांबेल ती धीराची हवी. रडणारी, ‘आमच्या वेळी असं झालं’ म्हणून भीती घालणारी नको. तिला एक गोष्ट शिकवून ठेवा. कळ आली की बाईच्या कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेनं घट्ट दाबून धरायचं आणि कळ ओसरली की सोडायचं. पाठीत कळा येणाऱ्या बाईला यानं जो उतार पडतो तो मी कितीतरी चेहऱ्यांवर पाहिलाय. घोटघोट पाणी द्यायचं, चालू द्यायचं, कुशीवर वळू द्यायचं. सारखं उताणं झोपवून ठेवायची गरज नसते. जवळ आपलं माणूस सतत असेल तर बाळंतपण लवकर सुटतं आणि सिझरची वेळ कमी येते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. खालून कापून टाके घालणंही प्रत्येक पहिलटकरणीला लागत नाही. तेही आधी विचारून ठेवा.

तुमचं स्वतःचं काम त्याआधीचं आहे. चाकणचे सगळे कागद, सोनोग्राफी, रक्तगट, लसीची नोंद एका फाइलमध्ये लावा आणि फाइलचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. आठव्या महिन्यात दवाखाना बदलला की कागद मागे राहतात आणि तिकडची सिस्टर अंधारात काम करते. करमाळ्याला पोचल्याच्या आठवड्यात तिला तिथे एकदा दाखवून आणा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. रात्री कुठली गाडी मिळेल ते आत्ताच ठरवा आणि १०८, १०२ हे नंबर सासऱ्यांच्या फोनमध्येही घाला.

कळा दर पाच मिनिटांनी आणि जवळजवळ मिनिटभर टिकायला लागल्या की निघायचं. गाव लांब असेल तर त्याही आधी. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं सणकून दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळ हलेनासं झालं, तर कळांची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

इचलकरंजीहून: बाळ पायाळू होतं म्हणून दोन वर्षांपूर्वी पहिलं सिझर झालं. आता पुन्हा दिवस गेलेत. ‘एकदा सिझर म्हणजे नेहमी सिझर’ असं सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणाल्या आमच्याकडे नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करता येणार नाही. खरंच येत नाही का?

अनेकींना येतो. आधीचं एकच सिझर, पिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद आणि आता बाळ डोक्याकडून खाली, अशा बायकांनी प्रयत्न केला तर साधारण चारातल्या तिघी सुखरूप बाळंत होतात. तुझं सिझर पायाळू बाळामुळे झालं होतं, कळा अडल्यामुळे नाही, ही तुझी जमेची बाजू. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून जास्त अंतर पडतंय, तेही चांगलं. धोका आहे तो जुना टाका कळांमध्ये उकलण्याचा. दोनशे बायकांत एखादीला होतो, पण झाला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हा प्रयत्न जिथे रात्रीसुद्धा भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि रक्त तयार असतं तिथेच करायचा. तुझ्या डॉक्टरांकडे हे नसेल आणि म्हणून त्या नाही म्हणत असतील तर त्यांचं म्हणणं प्रामाणिक आहे, राग मानू नकोस. कारण तेच आहे का, एवढं स्पष्ट विचारून घे. मग कोल्हापूर-सांगलीकडे मोठ्या रुग्णालयात जाऊन दुसरं मत घे. विचार करून पुन्हा सिझरच करायचं ठरवलंस तरी तोही तुझाच निर्णय, त्यात काही कमीपणा नाही.

पोटावरच्या कातडीचा टाका आडवा आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नसतं. ते फक्त ऑपरेशनच्या नोंदीत कळतं. तेव्हा आधीच्या दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट दोन्ही माग. कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे, तिथे कागद मिळण्याचा आणि दुसरं मत घेण्याचा हक्क लिहिलेला सापडेल. अर्ज दोन प्रतींत लिही आणि एकीवर पोच घे. ऑपरेशन नोट हाताला लागली की तुझं नाव झाकून माझ्याकडे एक प्रत पाठव, त्यातल्या ओळी पुढच्या अंकात उलगडून सांगते.